निवांत दाढ

अथर्व शेळक्याचा कोपर मोडला तेव्हा सर्जेराव वारके वस्ताद चौदा पैलवानांना समजावून सांगत होते, की हात इथपर्यंत वर न्यायचा आणि इथून पुढं गडी आपोआप पालथा होतो. बोलता बोलता त्यांनी अथर्वचा हात 'इथून पुढं' नेला. ओला ऊस गुडघ्यावर मोडावा तसा आवाज झाला. अथर्व मोकळ्या हातानं तांबड्या मातीवर थापा मारत होता, म्हणजे सोडा म्हणत होता. त्या थापा वस्तादांना दिसत होत्या. त्याचं वासलेलं तोंड, फिरलेले डोळे, हनुवटीवरून ओघळणारी लाळ, सगळं दिसत होतं. त्यातलं आत मात्र काहीच पोचत नव्हतं. आपलं वाक्य पुरं झाल्यावर त्यांनी हात सोडला.

"समजलं का?" त्यांनी विचारलं.

अकरा जण "व्हय वस्ताद" म्हणाले. उरलेले तिघं अथर्वकडे धावले, आणि त्यातला एक मातीच्या कडेला जाऊन ओकला. पैलवानकी करायला आलेल्या गड्यांनी एका हाडापायी एवढा कालवा करावा, हे वस्तादांना काही पटलं नाही.

हा माणूस मुळात असा नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. सावर्डेवाडीच्या तालमीत त्यांनी तीस वर्षं पोरं घडवली आणि त्या तीस वर्षांत एकाचंही हाड मोडलं नव्हतं. त्यांचा एक नेम होता. डाव मारणाऱ्याकडं सगळं गाव बघतं. वस्तादानं खाली सापडलेल्याचं तोंड बघायचं. भुवई कशी आखडली, ओठ कुठल्या बाजूला ओढला, यावरून त्यांना कळायचं की हा नुसता धापा टाकतोय की याची शीर आता तुटणार. नेमक्या क्षणी ते "सोड" म्हणायचे, आणि वरचा कितीही चेव आलेला असला तरी सोडायचा. असा माणूस कसायासारखा कसा झाला, तर एका दाढेपायी.

दीड वर्षापूर्वी, म्हणजे २०४३च्या उन्हाळ्यात, त्यांची खालची उजवी दाढ ठणकायला लागली. दात आवळल्याशिवाय कंबरेत जोर येत नाही अशी पैलवानांची जुनी समजूत. तीस वर्षं आवळून आवळून दाढेला बारीक चीर गेली होती. दुखणं अंगावर काढायची सवय. लवंग झाली, हिंग झाला, शेवटी गाल सुजून डोळा मिटायला लागला तेव्हा बायकोनं, मंगलनं, त्यांना जीपमध्ये घालून कागलला डॉ. तबस्सुम मुल्लाणींकडं नेलं.

डॉक्टरांनी प्लॅस्टिकची मोठी दाढ उघडून दाखवली. "वर हे कवच. आत मऊ गर, त्यात नस आणि रक्त. तो गर मुळांमध्ये केसाएवढ्या नळ्यांतून खाली उतरतो. चिरेतून जंतू आत गेले, गर कुजला. शरीरात दुसरीकडं सूज आली तर पसरायला जागा असते. इथं चारी बाजूंनी दगडी भिंती, म्हणून ठणका. रूट कॅनाल म्हणजे कुजलेला गर काढायचा, प्रत्येक नळी बारीक कानशीनं घासून धुवायची, औषध ठेवायचं, मग ती कायमची बुजवायची आणि वर टोपी बसवायची."

"खर्च?"

"टोपीसकट बावीस हजार."

"एका दाताला? तेवढ्यात दोन शेळ्या येत्यात."

"शेळीला एकच तोंड असतं काका. तुमच्या या दाढेला चार नळ्या आहेत, आणि चौथी भिंगाखाली शोधावी लागते. चार वेळा यायचं, दर वेळी तासभर. हत्यारं एवढी बारीक की एकदा वापरून टाकून द्यायची. अर्धी नळी जरी अस्वच्छ राहिली तरी सगळं पुन्हा नासतं. तुम्ही दाताचे पैसे देत नाही, त्या घासण्याचे देता."

"मग उपटून टाका."

डॉक्टर हसल्या. त्यांचे निम्मे पेशंट याच वाक्यावर उठून जायचे. मग त्यांनी कपाटातून एक छोटी निळी नळी काढली. 'निवांत' नावाचं नवं जेल आलं होतं. दाढेला बारीक भोक पाडायचं, दोन थेंब सोडायचे, वर निळा ठिपका चिकटवून बंद. जेल कुजलेलं खाऊन टाकतं, जंतू मारतं, आणि त्यातला एक घटक नसेला झोपवतो. पंधरा मिनिटं, नऊशे रुपये. दोन वर्षांच्या चाचण्यांत काही वावगं सापडलं नव्हतं. गरिबाची दाढ वाचतेय याचा डॉक्टरांना मनापासून आनंद होता, आणि तो खोटा नव्हता.

त्या संध्याकाळी सर्जेराव ऊस खात घरी आले. आठवड्यात त्यांना आणखी एक शोध लागला. दात पूर्वीपेक्षा जोरात आवळता येत होते. दाढ दुखेल या भीतीनं जबडा कुठंतरी हात राखून असतो, तो लगाम सुटला होता. पूर्वी न पेलणारं वजन उचललं गेलं. झालं, वस्तादांच्या डोक्यात चक्रं फिरली. किडक्या दाढेनं एवढा फायदा, तर चांगल्या दाढांनी किती?

मुल्लाणी डॉक्टरांनी चांगल्या दाताला हात लावायला साफ नकार दिला. पण बाजाराच्या दिवशी जेलच्या कंपनीची गाडी यायची आणि गाडीतला माणूस एकच प्रश्न विचारायचा, "दुखतंय का?" वस्तादांनी तालमीत सगळ्यांना ओळीनं उभं करून गालाला हात लावून "ठणकतंय" म्हणायची तालीम घेतली. अकरा जणांनी चार-चार दाढा करून घेतल्या. अथर्व धरून चौघांच्या आयांनी पैसे दिले नाहीत, ते राहिले. वस्तादांनी स्वतःच्या आणखी तीन करून घेतल्या. आणि पोटच्या पोरीला, स्वरांजलीला, स्वतः गाडीत बसवून आणलं.

स्वरांजली बावीस वर्षांची, शहात्तर किलो गटात राज्यात पहिल्या चारांत. कोल्हापूरकडच्या पोरींसारखी ती 'येतो, जातो'च म्हणायची, आणि बापाच्या शब्दाबाहेर पाऊल टाकायची नाही. वस्ताद म्हणाले ते केलं. त्या वर्षी तिनं सात कुस्त्या मारल्या. तालमीच्या भिंतीवर नव्या ढालींना जागा उरली नाही. गाव म्हणायला लागलं, वारक्यांचं नशीब उघडलं.

नशीब गावाचंही उघडलं होतं. नऊशे रुपयांत ठणका जातो म्हटल्यावर कोण मागं राहील? दोन पावसाळ्यांत कंपनीच्या गाड्या सांगलीपर्यंत फिरल्या आणि निम्म्या गावाच्या तोंडात निळे ठिपके आले. हसलं की दिसायचे. आणि मग काहीतरी बिघडायला लागलं, पण बिघडलेल्यांना ते कळायचा मार्गच नव्हता.

मारामाऱ्या काय, गावात आधीही व्हायच्या. पण आधी एक क्षण यायचा. समोरच्याचं रक्त बघून मारणाऱ्याचा हात सैल पडायचा. तो क्षण गावातून नाहीसा झाला. दूध डेअरीवर फॅटच्या मापावरून दोन सख्खे भाऊ भांडले. थोरल्यानं धाकट्याचं डोकं कॅनच्या काठावर आपटलं, आणि आपटतच राहिला. तो रागात नव्हता. मधेच थांबून त्यानं कपाळावरचा घाम पुसला. रांगेतले लोक आपापलं दूध घेऊन उभे होते, आणि मागून कुणीतरी म्हणालं, "लौकर आवरा, दूध नासंल." धाकटा तिथंच गेला.

सर्जेरावांच्या घरी वेगळंच झालं. मंगल जीपमधून उतरत होती, तिची चार बोटं चौकटीवर होती, आणि त्यांनी आतून दार ओढून लावलं. दार नीट बसलं नाही म्हणून पुन्हा जोर लावून लावलं. ती किंचाळली. ते काचेतून तिच्याकडं बघत फोनवर कुणाशी तरी मातीत टाकायच्या हळदीचा भाव बोलत राहिले. शेजाऱ्यानं येऊन दार उघडलं तेव्हा दोन बोटांची पेरं चामडीला लोंबत होती. "अगं सांगायचं न्हाईस का?" ते म्हणाले, आणि ते खरोखरच विचारत होते.

मंगलनं आयुष्यभर मिसरीनं दात घासले होते आणि तिच्या बत्तीस दातांना कुणाचा हात लागला नव्हता. हाताला पट्टी बांधून ती सरळ कागलला गेली.

"डॉक्टर, ह्यांचं दुखणं गेलं आन् माझं सुरू झालं," ती म्हणाली. "दात भरल्यापासनं हे असं झालंय. म्या अडाणी हाय, पर मला दिसतंय ते दिसतंय."

 तबस्सुम मुल्लाणींनाही काही दिवस एक गोष्ट खटकत होती. पूर्वी आतल्या खोलीत कुणी ओरडलं की बाहेर बाकावर बसलेले सगळे पेशंट गाल धरायचे. अलीकडं आत कुणी गुरासारखं ओरडलं तरी बाहेरचे फोन बघत बसायचे.

त्यांनी मंगलची पट्टी बदलायला घेतली, तेव्हा तिच्या तोंडाचा एक फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी वस्तादांना बोलावून घेतलं. मंगल सोबत होती.

"काका, तीस वर्षं तुम्ही तोंडं वाचली. मी सहा चेहरे दाखवते. कुणाला दुखतंय तेवढं सांगा."

सर्जेराव हसले. हा तर त्यांचा धंदा. पहिला चेहरा बघून म्हणाले, हा गातोय. दुसरा, ह्याला झोप आलीया. तिसरा शिंकतोय. सहावा फोटो बघून म्हणाले, "ही तर मंगलच. हसतीया."

मंगलनं तोंड फिरवलं. तो फोटो पट्टी बदलतानाचा होता.

"सहाच्या सहा जण कळवळत होते," डॉक्टर म्हणाल्या. "ऐका. दाढेची नस दाढेत संपत नाही. सगळ्या दातांच्या नसा मिळून कानापाशी एक जाड दोर होतो आणि तो मेंदूत जातो. जेल दाढेतच राहील असं आम्हाला सांगितलं होतं. ते वर चढतंय, वर्षाला दोन बोटं. मेंदूत जिथं आपलं दुखणं कळतं, तिथंच दुसऱ्याचंही कळतं. दुसरी जागाच नाही त्याला. समोरच्याचं तोंड वाकडं झालं की आपलं तोंड आत कुठंतरी तसंच वाकडं होतं, आपल्या नकळत, आणि मग आपल्याला समजतं. तुमच्यातला तो दोर झोपलाय. जे मी तुमच्या तोंडात घातलं, ते मी घातलं. त्याची माफी मागून भागणार नाही."

"मग आता?"

"तेच बावीस हजारांचं काम. जेल खाली ओढून घ्यायचं असेल तर दाढ शाबूत लागते. नळ्या पुऱ्या उघडायच्या, घासायच्या, त्यातून ओढून घेणारं औषध वर सोडायचं. एका दाढेत जमलं तर सगळं त्या वाटेनं उतरतं. पण भूल देता येणार नाही. भूल दिली तर नस औषध पुढं जाऊ देत नाही. पैसे मी घेणार नाही."

सर्जेरावांना त्यातलं फारसं काही भिडलं नाही. डेअरीवरच्या मेलेल्या माणसाचं नाही, मंगलच्या बोटांचंही नाही. त्यांना टोचली एकच गोष्ट: सहापैकी सहा चुकले. ज्याला खालच्याचं तोंड वाचता येत नाही तो कसला वस्ताद? निव्वळ धंद्याच्या अभिमानापायी ते खुर्चीवर बसले.

तिसऱ्या बैठकीला दाढेत वीज उतरली. ते असे ओरडले की रस्त्यावरचे लोक थांबले, आणि त्या ओरडण्यामागून सगळी रांग आली. अथर्वच्या थापा आल्या. मोजून नऊ होत्या. डोळ्यांनी सगळ्या टिपून ठेवल्या होत्या. काचेपलीकडची मंगल आली, तिचं तोंड, दुसऱ्यांदा दार लावतानाचं. ते खुर्चीवरून उतरून भिंतीला डोकं आपटायला लागले, तेव्हा मंगलनंच, त्या तुटक्या हातानं, त्यांना धरलं. घरी गेल्यावर त्यांनी तिची पट्टी बघितली आणि जेवण ताटात सोडून उठले. अथर्वच्या दारात गेले. त्याच्या आईनं आत घेतलं नाही. ते उन्हात तासभर उभे राहिले आणि परत आले. झोप तेव्हापासून गेली ती गेलीच.

आता उरली स्वरांजली. राज्याच्या अजिंक्यपदाची अंतिम कुस्ती आठ दिवसांवर होती, चांदीच्या गदेसाठी.

"आप्पा, फायनल झाली की करतो," ती म्हणाली. "आत्ता खुर्चीवर बसलो तर आठ दिवस जबडा आवळायचा न्हाई."

तिचं म्हणणं खरं होतं. सर्जेरावांनी गदेचा विचार केला. तीस वर्षांत तालमीत गदा आली नव्हती.

"तुम्हाला आता समदं कळतंय," मंगल म्हणाली, "तरी पाठवताय?"

"आठच दिवस," ते म्हणाले. ज्याला काही कळत नव्हतं त्या माणसानं पोरीला गाडीत बसवलं, त्याला एक वेळ माफी आहे. ज्याला सगळं कळत होतं त्यानं हे केलं.

सांगलीच्या मैदानात दहा हजार माणूस होतं. समोर गायत्री ढगे, परभणीकडची. ती आणि स्वरांजली दोन वर्षं शिबिरात एका खोलीत राहिल्या होत्या, एकमेकींच्या वेण्या घालायच्या. दोघी हात मिळवून हसल्या. गायत्रीचे दात पांढरे होते, ते सर्जेरावांनी बघितलं.

चौथ्या मिनिटाला स्वरानं मोळी बांधली. हा जुना डाव. मान आणि पाय एका वेढ्यात घेऊन गड्याची लाकडाच्या मोळीसारखी गुंडाळी करायची. चांगला पैलवान पाठ टेकेपर्यंत दाबतो आणि तिथं थांबतो. गायत्रीचे दोन्ही हात आत अडकले होते, थापा मारायला एकही मोकळा नव्हता. तिची हनुवटी छातीत रुतली होती. सर्जेरावांनी तिचं तोंड बघितलं, आणि त्यांच्या स्वतःच्या मानेतून कळ गेली.

"सोड," ते ओरडले. "स्वरा, सोड तिला."

पंच खाली वाकून खांदे टेकले का ते बघत होता. त्यानं शिट्टी तोंडात धरली होती आणि तिच्यामागं निळे ठिपके दिसत होते. सर्जेरावांनी वळून गर्दीकडं बघितलं. लोक आनंदानं ओरडत होते, तोंडं उघडी, आणि ओळीच्या ओळी निळ्या. गायत्रीच्या नाकातून रक्त आलं तरी कुणाचा आवाज बदलला नाही. एका बाजूला तिची आई मॅटच्या कडेची दोरी धरून किंचाळत होती आणि दोन माणसं तिला खाली बसवत होती, मागच्यांना दिसत नाही म्हणून.

ते मॅटवर चढले. स्वराचे हात उपटायला गेले, पण ते हात त्यांनीच घडवले होते, निघाले नाहीत. "थांबा आप्पा, येतंयच," ती शांतपणे म्हणाली आणि आणखी दाबलं. आत काहीतरी कट्कन वाजलं. सर्जेरावांनी मूठ वळली आणि पोटच्या पोरीच्या जबड्यावर मारली. सुटेना, पुन्हा मारली. तिसऱ्या ठोशाला त्यांचीच दोन बोटं मोडली, तिची दाढ फुटून निळा तुकडा मॅटवर पडला, आणि वेढा सुटला. स्वरा उताणी पडून बापाकडं बघत राहिली. तिला वाटलं, आप्पा कशावर तरी चिडलेत. गायत्री तशीच गुंडाळलेली राहिली, कुणी सोडवलं तरी सरळ होईना.

गायत्री जगली. मानेखालचं काही हलत नव्हतं आणि हलणार नव्हतं.

दहाव्या दिवशी तिच्या आईचा निरोप आला. ना पोलिसांचं, ना पैशाचं. "पोरगी सारखी इचारायलीय, स्वरा काहून आली नाही म्हणून. एकदा येऊन जा म्हणावं."

सर्जेराव स्वराला घेऊन गेले. तिला जायला काहीच वाटलं नाही. ती पलंगाच्या कडेला बसली, खिशातले शेंगदाणे खात. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचं बोलली, पंच कसा गोंधळला ते सांगून हसली. उठताना तिनं गायत्रीच्या खांद्यावर थाप मारली, "लौकर बरी हो, परत खेळू." गायत्री तिच्या तोंडाकडं बघत होती, काहीतरी शोधत असल्यासारखी. मग तिनं डोळे मिटून घेतले. तिची आई लादीवर बसली होती, तिनं पदर तोंडात कोंबला. बाहेर आल्यावर स्वरानं विचारलं, "त्या काकी अशा का करत हुत्या?"

त्या रात्री नवरा-बायकोचं भांडण झालं, आणि यावेळी बाजू उलट्या होत्या.

"आता ऱ्हाऊ द्या," मंगल म्हणाली. "पोरगी खाती-पिती, हसती. हे सगळं तिला कळलं तर मरल ती. एकीच्या मानंपायी दोन पोरी घालवायच्या का?"

सर्जेरावांना मात्र आता तिला खुर्चीवर बसवायचं होतं. मंगल चूक नव्हती. गेले तीन आठवडे डोळा न लागलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको होतं. पोरीला असंच ठेवलं असतं तर ती सुखात म्हातारी झाली असती. तिनं आणखी कुणाच्या माना मोडल्या असत्या, तरी सुखातच.

महिन्यानं सूज उतरली तेव्हा तिघं कागलला गेली. फुटलेल्या दाढेकडं बघून डॉक्टर म्हणाल्या, मुळं शाबूत आहेत, याच वाटेनं काम होईल.

"केवढं पैसं लागत्यात त्याला?" स्वरानं विचारलं.

"बावीस हजार. तुझ्याकडून घेणार नाही."

"एवढं कशाला डॉक्टर? उपटून टाका की. नुसता दात तर हाय."

"तू सज्ञान आहेस," डॉक्टर म्हणाल्या. "सही तुझी लागेल. नको असेल तर मी हात लावणार नाही."

स्वरानं बापाकडं बघितलं. लहानपणापासून ती डाव टाकायच्या आधी बघायची तसंच. सर्जेरावांना तिच्याशी खोटं बोलता आलं असतं. गदेची लालूच दाखवता आली असती.

"लई दुखल," ते म्हणाले. "दाताचं चार दिवसांत जाईल. दुसरं हाय ते जायचं न्हाई. मला गेलं न्हाई. मी तुला हे करायला लावलं, आन् आठ दिवस थांबवलंही मीच. तुझी काही चूक न्हाई, तरी दुखल तुलाच. तरीबी कर, पोरी."

"तुम्ही म्हणताय तर करतो," ती म्हणाली, आणि दुकानातल्या पावतीवर करावी तशी सही केली. मंगल उठून बाहेर गेली.

पहिल्या दोन बैठकींत स्वरा छतावरच्या पडद्यावर कुस्त्या बघत पडून होती. तिसऱ्या बैठकीला, दुपारी, डॉक्टरांनी भिंगातून बघत तिसऱ्या नळीत सुई उतरवली. स्वराची टाच खुर्चीवर एकदा आपटली. मग दोन्ही मुठी वळल्या आणि घशातून एक आवाज आला. दार ढकलून मंगल आत आली. सर्जेराव पोरीच्या गालाकडं बघत राहिले. आता हात तिथं जाणार होता, खुर्चीवर सगळ्यांचा जातो.

तिचा हात गालाकडं गेला नाही. डोक्यामागून मानेवर गेला आणि मणका धरून बसला.

डॉक्टरांनी सुई बाहेर काढली. 

"आप्पा," तोंडातल्या कापसातून स्वरा म्हणाली, "ती मला हाक मारत हुती. स्वरे, मी हाय, मी गायत्री, असं म्हणत हुती. माझ्या कानापाशीच तोंड हुतं तिचं. मी ऐकलंवतं, आप्पा. समदं ऐकलंवतं मी."

 मंगलनं पोरीचे पाय धरले होते. डॉक्टरांनी सुई ट्रेमध्ये ठेवली.  एक नळी अजून राहिली होती.

"आज थांबू या का?" त्यांनी विचारलं.

स्वरानं नको म्हणून मान हलवली आणि तोंड उघडलं.